चार घरचं बी

जुलै २०२३ आठवतोय? टोमॅटो दीडशे-दोनशे रुपये किलोवर गेले होते. आमच्या संगमनेरात गावाबाहेर पडलं की रस्त्याच्या दोन्ही अंगांना तार-बांबूवर चढवलेले टोमॅटोचे प्लॉट दिसतात. पण त्या महिन्यात इथल्या बायकासुद्धा आमटीत चिंच नाहीतर आमसूल घालून वेळ निभावून नेत होत्या. अशात एका संध्याकाळी शेजारच्या वहिनी वाटी घेऊन दारात उभ्या.

"तुमच्या परसात टोमॅटोची झाडं आहेत ना हो? दोनच द्या. अचानक पाहुणे आलेत."

मी त्यांना परसात घेऊन गेले. सात झाडं. माझ्या खांद्याला लागतील एवढी उंच, हिरवीगार, पिवळ्या फुलांनी लगडलेली. आणि टोमॅटो? एक नाही! फुलं यायची, दोन दिवस मिरवायची आणि देठातून टपकन गळून पडायची. वहिनींनी झाडांकडे बघितलं, रिकाम्या वाटीकडे बघितलं आणि म्हणाल्या, "दिसायला मात्र छान आहेत हो!"

आमच्या घरातून लगेच पुरवणी आली, "झाड परसात आणि टोमॅटो बाजारात, असं आहे आमचं."

पुढे सप्टेंबरात भाव असे कोसळले, की शेतकऱ्यांवर टोमॅटो रस्त्यावर ओतायची वेळ आली. आणि माझी झाडं? नव्यानं लावलेली रोपं जानेवारी-फेब्रुवारीत अशी काही फळली, की पाटी भरून रोज बाहेर. तेव्हा टोमॅटोला कोण विचारतंय? मी डबा घेऊन निघाले, की वहिनी फाटकातूनच सांगायच्या, "आमच्याकडे आहेत हो, कालच आणलेत!"

तर अशी ही माझी झाडं. हवे तेव्हा देणार नाहीत, नको तेव्हा थांबणार नाहीत. पण त्यांचं बी माझ्या सासूबाईंच्या हातचं आहे. आम्ही सुना त्यांना आत्याबाई म्हणायचो. आत्याबाई टोमॅटो हा शब्द क्वचितच वापरायच्या. त्यांचं आपलं 'बेलवांगं'. मला लग्नानंतर त्याचं हसू यायचं. पण टोमॅटो खरोखरच वांग्याच्या कुळातला. मिरची आणि बटाटाही त्याच घरचे. मूळ गाव दक्षिण अमेरिका, आपल्याकडे आणला पोर्तुगिजांनी. म्हणजे वांगं म्हणणाऱ्या आत्याबाई चुकत नव्हत्या, हसणारी मीच चुकत होते.

हे बेलवांगं बाजारातल्या टोमॅटोसारखं गुळगुळीत, अंडाकृती नसतं. चेपटं, लाल भोपळ्यासारख्या फाका पडलेलं, साल इतकी पातळ की नखानं निघावी. देठाशी दोन्ही खांदे पिकल्यावरही हिरवट राहतात. दोन फळं कधी एकसारखी येणार नाहीत. एक मुठीएवढं, तर शेजारचं लिंबाएवढं. पण चिरलं की घरभर वास! सार करायचं तर साखर लागत नाही, कोशिंबिरीला दही कमी पडलं तरी चालतं.

ते हिरवट खांदे मला पूर्वी दोष वाटायचे. नंतर वाचनात आलं, की त्यांच्यातच खरी गंमत आहे. एकसारखा रंग येणारी फळं बाजाराला सोयीची, म्हणून गेली सत्तरेक वर्षं टोमॅटोच्या नव्या जाती तशाच निवडत गेल्या. २०१२ मध्ये शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं, की एकसारख्या रंगाच्या या गुणाबरोबर फळातलं हरितद्रव्य कमी झालं आणि त्यासोबत साखरही थोडी गेली. म्हणजे रूप आलं आणि चव उणावली. आपल्या बायकांना हे सांगायला शास्त्रज्ञ कशाला हवेत, असं तुम्ही म्हणाल. पण कारण कळलं की बरं वाटतं.

एक मात्र प्रामाणिकपणे सांगते. हायब्रीडला नावं ठेवणारी मी नाही. आमच्या तालुक्यातल्या कितीतरी घरांची लग्नं, शिक्षणं आणि पक्की घरं त्याच टोमॅटोवर उभी आहेत. जाड सालीचा टोमॅटो क्रेटमध्ये भरून पिंपळगाव नाहीतर नारायणगावच्या बाजारात जातो, तिथून कुठल्या कुठे पोचतो. माझं बेलवांगं क्रेटमध्ये भरलं, तर पुण्याला पोचेपर्यंत त्याचं सार झालेलं असेल! ते परसातलंच फळ. तोडायचं आणि चुलीपर्यंत न्यायचं, एवढाच त्याचा प्रवास.

फरक आहे तो बियांमध्ये. हायब्रीड म्हणजे दोन वेगळ्या जातींच्या आईबापांची पहिली पिढी. ती जोमदार असते. पण तिचं बी धरून पेरलं, तर पुढची पिढी एक आजोबांवर, एक आजीवर, एक कुणावरच नाही अशी निघते. म्हणून दर वर्षी पाकीट विकत आणावं लागतं. देशी टोमॅटोचं तसं नाही. त्याचं फूल बहुतेक वेळा स्वतःच्याच परागानं फळतं, त्यामुळे लेक आईसारखीच निपजते. फळ खा, बी ठेवा, पुन्हा पेरा. आत्याबाईंच्या सासूबाईंपासून हे असंच चालत आलेलं.

आत्याबाईंची बी धरायची रीत ठरलेली. झाड निरोगी हवं, फळ दुसऱ्या-तिसऱ्या घोसातलं हवं. त्याला लाल चिंधी बांधायची, म्हणजे कुणी चुकूनही तोडायचं नाही. नातवंडंसुद्धा त्या चिंधीला घाबरत. फळ पूर्ण पिकून मऊ झालं, की गर वाटीत काढून दोन-तीन दिवस तसाच ठेवायचा. वास येतो, वर पांढरी साय धरते. ती धरू द्यायची. बियांभोवतीचा बुळबुळीत थर त्यानं सुटतो. मग धुवायचं. भरलेलं बी तळाशी बसतं, पोचट वर तरंगतं. ते ओतून द्यायचं. बाकीचं सावलीत खडखडीत वाळवून, चुलीतली राख चोळून, चिंधीत पुरचुंडी बांधायची.

१९९८ मध्ये यांच्या नोकरीमुळे आम्ही गावातून संगमनेरला आलो, तेव्हा आत्याबाईंनी भांड्यांच्या पोत्यात अशीच एक पुरचुंडी टाकली. म्हणाल्या, "दोन गोष्टी ध्यानात ठेव. सगळं बी एकदम पेरू नाही. आणि बी एका घरात ठेवू नाही, चार घरी ठेवावं."

पहिली गोष्ट मी पाळली. दुसरी नाही. कुणी मागितलं नाही, मी दिलं नाही. आणि खरं सांगायचं तर 'हे फक्त माझ्याकडे आहे' याचा मला थोडा तोराही होता.

आत्याबाई २०११ मध्ये गेल्या. २०१५ मध्ये शेताच्या वाटण्या झाल्या. जमिनीवरून काही झालं नाही, झालं ते विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून. शब्दाला शब्द वाढला. थोरल्या जाऊबाई, त्यांना आम्ही आक्का म्हणतो, मला बोलल्या. मी त्यांना बोलू नये ते बोलले. त्या दिवसापासून बोलणं बंद. लग्नकार्यात समोर आलो, तरी एक मांडवाच्या या खांबाला, एक त्या. आत्याबाईंनी बेलवांग्याचं बी आक्कांनाही दिलेलं होतं. पण ते आहे की गेलं, मी कधी विचारलं नाही.

मधे एका वर्षी माझी पुरचुंडी जरा हलकी लागली. उंदरानं नेलं असेल म्हणून मी स्वयंपाकघरात पिंजरा लावला. उंदीर काही सापडला नाही.

आता येते माझ्या चुकीवर. २०२३ चा तो जुलै माझ्या मनात सलत राहिला. वहिनींची रिकामी वाटी डोळ्यांपुढून जाईना. मनात म्हटलं, पुढच्या वर्षी बघाच. भाव चढतील तेव्हा माझ्या परसात टोमॅटो असणारच. २०२४ च्या एप्रिलमध्ये मी ट्रे आणले, हिरवी जाळी बांधली आणि पुरचुंडी सोडून होतं-नव्हतं तेवढं बी पेरलं. सगळं. जास्त रोपं म्हणजे जास्त टोमॅटो, एवढंच गणित.

त्या वर्षीचे एप्रिल-मे किती तापले, सांगायला नको. टोमॅटोला दिवसा पस्तीस अंशांपुढचा उन्हाळा आणि उकाड्याच्या रात्री सोसत नाहीत. पराग कमजोर होतो, फुलं गळतात. ते तरी निभावलं असतं. पण कोरड्या गरम हवेत पांढरी माशी वाढली. ही माशी एवढीशी असते, पान हलवलं की राखेसारखी उडते. ती रस शोषते आणि एका झाडाचा रोग दुसऱ्याला देते. कोवळी पानं वर वळायला लागली, आखडली, वाटीसारखी झाली. आमच्याकडे याला बोकड्या म्हणतात. निंबोळी अर्क फवारला, पिवळे चिकट सापळे लावले. पण रोग एकदा झाडात गेला, की त्यावर औषध नसतं. माशी आधीच रोखावी लागते. जूनअखेर शेवटचं झाड मी उपटलं आणि पुरचुंडीचं फडकं झटकून पाहिलं. एक बी नाही.

मैत्रिणींनो, बाजारात बियांची हजार पाकिटं मिळतात. त्यात देशी वाणही असतात. पण आत्याबाईंचं बेलवांगं कुठल्या पाकिटात मिळणार? चार पिढ्या बायकांनी सांभाळलेलं बी माझ्या हातून, तेही माझ्या हट्टापायी संपलं होतं. दोन दिवस मला जेवण गेलं नाही. घरात कुणाला सांगितलंही नाही.

सप्टेंबर आला. हिवाळी टोमॅटोचं रोप टाकायची ही वेळ. आता नाही तर वर्ष गेलं. आणि बी असलंच तर एकाच घरी असणार होतं.

मी एसटीनं गावी निघाले. पावशेर पेढे घेतले. मग वाटेत वाटलं, पेढे कशाला? आनंदाची बातमी आहे का काही? ते पिशवीच्या तळाशी ढकलले. आक्का ओट्यावर मुगाच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. मला पाहून हात थांबला.

"ये," म्हणाल्या. एवढंच.

मी शेजारी बसले आणि नकळत शेंगा सोलायला लागले. सूप निम्मं भरलं तरी दोघी गप्प. शेवटी मीच म्हटलं, "आक्का, बेलवांग्याचं बी हवं होतं. माझं गेलं."

"सगळं?"

"सगळं पेरलं. सगळं गेलं."

मला वाटलं, आता आत्याबाईंच्या शब्दांची आठवण करून देतील. विहिरीचा विषय काढतील. मी तयारीनंच आले होते. पण त्या उठून आत गेल्या आणि काचेच्या बरणीतली पुरचुंडी घेऊन आल्या. माझ्या ओच्यात निम्मं बी ओतलं, निम्मं परत बांधलं.

"घे. नाहीतरी तुझंच आहे."

"माझं कसं?"

"माझं अठरा सालच्या दुष्काळात गेलं होतं. प्यायला पाणी नव्हतं, झाडांना कुठलं घालू? भाऊजी आले होते पोळ्याला. त्यांना म्हटलं, तर पुढच्या खेपेला चिमूटभर आणून दिलं. तुला सांगू नका म्हणाले."

भाऊजी म्हणजे आमचे हे! माझा उंदीर असा सहा वर्षांनी सापडला.

घरी आल्यावर मी यांना चांगलंच धारेवर धरलं. ते शांतपणे म्हणाले, "तुला विचारलं असतं, तर दिलं असतंस?" मी काही बोलले नाही. उत्तर मला ठाऊक होतं. माझ्या हातून त्या वर्षी ते बी सुटलं नसतं, आणि सुटलं नसतं म्हणूनच आज कुठेच उरलं नसतं.

त्या हिवाळ्यात अकरा रोपं जगली. पहिली फळं आली आणि मी चकित झाले. आक्कांकडचं बेलवांगं माझ्यापेक्षा थोडं लहान, पण तडकत कमी होतं. त्यांची काळी जमीन, पाण्याची ओढ. त्यातही जे फळ तडकलं नाही, तेच त्यांनी दर वर्षी बियाला ठेवलं होतं. माझ्याकडे फळं फार फुटायची, कारण कोरडं पडलं की मी घाबरून एकदम बादली ओतायची. आतला गर भराभर फुगतो, साल तेवढी ताणत नाही, मग तडा जातो. फळाच्या बुडाशी काळा डाग पडतो, तोही बहुतेकदा पाण्याच्या अशाच हेळसांडीनं. मुळांना चुना मिळायला पाणी सारखं लागतं. आता मी बुंध्याशी पालापाचोळा पसरते आणि थोडं थोडं, पण नेमानं पाणी घालते.

आणखी एक शिकले. टोमॅटोच्या फुलातला पराग सहज बाहेर पडत नाही, त्याला हादरा लागतो. वारा तो देतो, नाहीतर मोठा काळा भुंगा. फुलाला लटकून तो असा काही गुणगुणतो, की पराग झडतो. मधमाशीला ते जमत नाही. हवा कोंदट असली, की सकाळी ऊन आल्यावर मी फुलांच्या घोसाला बोटानं हलकी टिचकी मारते. फुलं गळायची ती गळतातच. पण काही राहतात.

आणि दोन जातींची झाडं जवळ असतील, तर बियाला ठेवायच्या घोसावर फुलं उमलण्याआधीच पातळ मलमलीची पिशवी बांधा. देशी जातींत कधीकधी फुलाचं टोक बाहेर डोकावतं आणि शेजारचा पराग येऊन बसतो. मग चेपट्याच्या पोटी गोल निपजतो. कडेला झेंडू लावा, फळ पोखरणाऱ्या अळीचा पतंग अंडी घालायला तिकडे वळतो. थंडीत फळं लाल व्हायला फार दिवस लावू लागली, तर हिरवीच तोडून तीळ, शेंगदाणे, लसूण आणि मिरचीबरोबर परतून चटणी करा. भाकरीबरोबर बघा कशी लागते! बी नीट वाळवून कोरड्या जागी ठेवलं, तर चार-पाच वर्षं उगवतं. डबीवर साल लिहायला विसरू नका.

आमच्या शेजारच्या अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे शाळेत गेल्या नाहीत, पण त्यांनी देशी बियांची बँकच उभी केली. २०२० च्या पद्मश्रीच्या यादीत त्यांचं नाव आलं. आपल्याला बँक नाही उभारता येणार, पण डबी तर ठेवता येईल? आणि त्यातलं चिमूटभर दुसऱ्याच्या डबीत घालता येईल. यात कायद्याचीही आडकाठी नाही. २००१ च्या कायद्यानं शेतकऱ्याला आपल्या पिकाचं बी राखण्याचा, पेरण्याचा आणि देण्याघेण्याचा हक्क दिलेलाच आहे.

आता माझ्या बेलवांग्याचं बी चार घरी आहे. माझ्याकडे, आक्कांकडे, नाशिकला लेकीच्या बाल्कनीत आणि शेजारच्या वहिनींकडे. कुणाकडे किती, ते कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवलंय. विहिरीच्या पाळीचं अजून सुटलेलं नाही. तो विषय निघाला, की आक्का आणि मी दोघीही बेलवांग्यांवर येतो. पण फोन येतो. "तुझ्याकडे फुलं आली का गं?" एवढं विचारायला का होईना, येतो.

आणि हो, यंदाची गोष्ट राहिलीच. माझ्या झाडांना अजून नुसती फुलं. परवा संध्याकाळी वहिनी दारात उभ्या, हातात तीच वाटी. या वेळी ती भरलेली होती. चार चेपटी, हिरव्या खांद्यांची बेलवांगी.

म्हणाल्या, "घ्या. तुमच्याकडे नसतील म्हटलं."